डाख, राळ आणि आच

वसंतातील व्याख्यानांत साहित्य, इतिहास, समाजकारण हे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. डाखासारखा कारागिराचा विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. परंतु घरातला रेडिओ, खिशातला मोबाइल आणि यंत्रमागाच्या कारखान्यातील विजेची नियंत्रक पेटी ही सर्व अखेर कथलाच्या बारीक थेंबांवर उभी आहेत. त्यांतला एखादा थेंब नीट बसला नाही तर माग थांबतो आणि नगावर मजुरी घेणाऱ्याचा दिवस बुडतो. तेव्हा हा थेंब धरतो कसा आणि सुटतो का, हे पाहण्यासारखे आहे.

सुदैवाने या विद्येचा पहिला धडा आपल्या दारातच झालेला आहे. कल्हईवाला भांडे घासून पुसून भट्टीवर धरी, भाता चालवी, भांडे तापले की त्यावर कथील फिरवी, नवसागराची पूड टाकी आणि कापसाच्या बोळ्याने झरझर पुसून घेई. पांढरा धूर निघे आणि भांडे चांदीसारखे झळके. यात नवसागराचे काम काय? तांबे उघडे राहिले की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यावर पातळ पापुद्रा धरतो. तापल्यावर तर तो फार लवकर वाढतो. या पापुद्र्यावर कथील पसरत नाही, अळवाच्या पानावरील पाण्यासारखे गोळा होते. नवसागर तापला की त्यातून अमोनिया व हायड्रोक्लोरिक आम्ल यांची वाफ सुटते, आम्ल तो पापुद्रा खाते आणि खालचे निर्मळ तांबे कथलाला भेटते. भांडे कमी तापले तर नवसागर जागा होत नाही. फार तापले तर तो काम करण्याआधीच उडून जातो आणि कथील काळवंडते.

सर्किट बोर्डावरचा डाख याच नियमाने चालतो. फरक एवढाच, की तेथे नवसागर चालत नाही. त्याचा उरलेला अंश दमट हवेत पाणी ओढतो आणि केसासारख्या तांब्याच्या रेषा हळूहळू खाऊन टाकतो. म्हणून तेथे चीड वृक्षाची राळ वापरतात. अशा शुद्धिकारक द्रव्याला फ्लक्स म्हणतात. राळेचा गुण असा की थंड असताना ती निरुपद्रवी असते. उष्णतेने ती आधी मऊ होते. १७० अंश सेल्सिअसच्या सुमारास तिच्यातील आम्ल वितळून जोमाने कामाला लागते. काम आटोपून ती थिजली की पुन्हा निष्क्रिय होते. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचा डाख १८३ अंशांवर वितळतो. म्हणजे झाडणारा आधी आणि पाहुणा नंतर, असा क्रम येथे आपोआप जुळतो.

हा क्रम बिघडवतो तो माणूस. डाख धरत नाही असे दिसताच आच वाढवण्याचा मोह होतो. सोल्डरिंग आयर्नचे टोक ४०० अंशांपलीकडे गेले की राळ क्षणात जळते, पापुद्रा पुन्हा धरतो आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते. शिवाय कथील व तांबे यांच्यामध्ये जो संयुगाचा थर बनतो, तो पातळ असेल तरच सांधा बळकट. जास्त आचेने तो जाड व ठिसूळ होतो. उलट, आच अपुरी पडली तर थेंब वरवर चिकटतो, आत पकडत नाही. दुरुस्ती करणारे यालाच ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. म्हणून टोक ३०० ते ३५० अंशांवर ठेवावे, पट्टी आणि पार्टची तार दोन्ही एकदम तापवावी, तार टोकाला न लावता सांध्याला लावावी आणि दोन-तीन सेकंदांत हात काढावा.

मोठ्या कारखान्यांत हेच भट्टीत होते. डाखाची भुकटी व फ्लक्स यांचा लगदा लावलेले बोर्ड पट्ट्यावरून जातात. १५० ते २०० अंशांत मिनिट-दोन मिनिटे थांबतात, तेवढ्यात फ्लक्स आपले काम उरकतो. मग थोडा वेळ २४५ अंशांच्या आसपास नेऊन त्यांना निववतात. शिसे नसलेला डाख २१७ अंशांच्या पुढे वितळतो, म्हणून ही वाढीव आच.

सोलापुरात याचे महत्त्व अधिक. उन्हाळ्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो. बंद पेटीत दिवसा तापणारा आणि रात्री निवणारा प्रत्येक सांधा रोज थोडा ताणला जातो, थोडा आवळला जातो. चांगला सांधा ते वर्षानुवर्षे सोसतो. ठिसूळ सांध्याला तडा जातो.

आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. राळेच्या धुराने काहींना दमा जडतो. म्हणून खिडकी उघडी असावी आणि तोंड धुराबाहेर असावे. शिसे बोटांवरून पोटात जाते. म्हणून जेवणापूर्वी हात धुवावेत. याच कारणाने स्वयंपाकाच्या भांड्याला शिसे मिसळलेल्या कथलाची कल्हई कधीही करू नये. नव्या विद्युत उपकरणांतील शिशावर आपल्या देशात १ मे २०१४ पासून मर्यादा आहे. पण दुरुस्तीच्या टेबलावर जुना डाख अजून वापरात आहे.

सारांश, उष्णता कथील वितळवते, पण सांधा जुळतो तो निर्मळ धातूवर. आधी शुद्धी, मग आच, आणि आचही बेताची, हे कल्हईवाल्याच्या हाताला ठाऊक होते. बोर्डावर काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी ते समजून-उमजून करावे, एवढीच अपेक्षा.