निलगिरीची साथ मिळालेलं क्लोरहेक्सिडिन

शस्त्रक्रियेआधी किंवा सलाईनची नळी घालण्याआधी त्वचेवर जे जंतुनाशक लावतात, त्यात अनेकदा क्लोरहेक्सिडिन असतं. औषध उत्तमच, पण त्याची एक मर्यादा आहे: ते त्वचेत फार खोल उतरत नाही. जंतू मात्र केसांच्या मुळाशी दडून राहतात. शिवाय नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर करून वसाहत थाटतात. हा थर म्हणजे बायोफिल्म, आणि ती भेदणं महाकठीण.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी इथेच निलगिरीचं तेल आणलं. २००८ ते २०१०च्या सुमारास त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत क्लोरहेक्सिडिन आणि निलगिरी तेल एकत्र वापरल्यावर स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारख्या जंतूंवर दोघांच्या स्वतंत्र परिणामापेक्षा जास्त परिणाम दिसला, बायोफिल्मवरसुद्धा. मानवी त्वचेच्या नमुन्यांत तेलामुळे औषध अधिक खोल गेलं. मला तर हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते!

हे कसं घडत असावं? निलगिरीतला मुख्य घटक सिनिओल स्निग्ध पदार्थांत सहज मिसळतो. जंतूच्या पेशीचं आवरण स्निग्ध असतं. ते सैल झालं की क्लोरहेक्सिडिनला आत वाट मिळते. ओव्यातल्या थायमॉलवरही असेच प्रयोग झाले आहेत.

आणि कृपा करून घरच्या जंतुनाशकात तेल ओतू नका. तेल पाण्यात नीट मिसळत नाही, निव्वळ तेलाने त्वचेची आग होते आणि लहान मुलांच्या पोटात गेल्यास ते विषारी ठरतं.