प्रवाळाची टाकी आणि महागड्या दिव्याचा धाक

घरात समुद्री टाकी करायची आणि तिच्यात प्रवाळ ठेवायचे, असं मनात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न दिव्याचा असतो, आणि तिथेच बेत बारगळतो. परदेशी बनावटीचा दिवा टाकीच्या काचेपेक्षा, खडकांपेक्षा, कधीकधी बाकी सगळ्या सामानापेक्षा महाग पडतो. खामगाव, चिखली किंवा मलकापूरसारख्या गावात जवळ दुरुस्तीची सोय नसताना एवढे पैसे कोण गुंतवणार? पण या धाकाचं मूळ प्रश्नाच्या क्रमात आहे. आधी दिवा ठरवून मग प्रवाळ आणायचे नसतात. आधी प्रवाळ ठरतो आणि त्याच्या गरजेवरून दिवा ठरतो. आपल्याकडे प्रवाळाची निवड बरीचशी कायद्यानेच ठरवून दिलेली आहे, आणि ती ध्यानात घेतली की दिव्याचा खर्च आपोआप आवाक्यात येतो.

कायद्याची बाब आधी, कारण तिच्याविषयीचा गैरसमज सर्वांत महागात पडणारा आहे. ‘दुकानात मिळतंय म्हणजे चालत असणार’ असं मानलं जातं. वस्तुस्थिती अशी की 2001पासून खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गटातले सारे, तसंच काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972च्या अनुसूची 1मध्ये आहेत. वाघाला जे संरक्षण आहे, त्याच यादीतलं हे संरक्षण. या यादीतल्या जीवांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. हा कायदा कागदावरच राहिलेला नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या 18 प्रवाळ-वसाहती आड आल्या, तेव्हा महापालिकेलासुद्धा रीतसर परवानगी घेऊन 2020मध्ये त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. मालवणच्या समुद्रात पाहिलेला प्रवाळ, तुटून पडलेला का असेना, पिशवीत घालून घरी आणायचा नाही. तो 1987पासूनच्या सागरी अभयारण्याचा भाग आहे. ‘पण माझा तुकडा टाकीतच वाढवलेला आहे’ हा युक्तिवाद ऐकू येतो. टाकीत वाढवलेला तुकडा समुद्रातून तोडलेल्यापेक्षा बरा हे खरं, पण यादीत नाव गटाचं आहे आणि तुकड्याकडे पाहून त्याचा जन्म कुठे झाला हे सांगता येत नाही. म्हणून घरच्या टाकीसाठी उरतात ते मश्रूम, झोअँथिड आणि काही मऊ प्रवाळ. तेही शास्त्रीय नाव विचारून आणि रीतसर पावती घेऊनच घ्यावेत. झोअँथिडमधल्या काही जातींत अतिशय जहाल विष असतं, तेव्हा त्यांना हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

आता दिव्याकडे. महागडे दिवे ज्यांच्यासाठी बनलेले असतात ते मुख्यतः उथळ, लख्ख उजेडाच्या पाण्यात वाढणारे फांदीदार कठीण प्रवाळ, म्हणजे नेमके जे आपण ठेवायचे नाहीत तेच. प्रवाळ हा प्राणी आहे. उजेड लागतो तो त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला. ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि यजमानाला वाटा देतं. या शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि तो मोजायचा तर एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती फोटॉन पडतात ते मोजावं लागतं. एकक मायक्रोमोल, छंदाच्या भाषेत ‘पार’. भर दुपारच्या उन्हात हा आकडा 2000च्या आसपास जातो. फांदीदार कठीण प्रवाळांना टाकीत साधारण 200 ते 350 देतात. मश्रूम आणि बहुतेक मऊ प्रवाळ मात्र 50 ते 100वर सुखाने जगतात, झोअँथिडना 150पर्यंत पुरतं. किमतीतली सगळी तफावत या एका फरकात आहे.

अडचण अशी की खोक्यावर पार लिहिलेला नसतो. तिथे वॉट असतात, ल्युमेन असतात, केल्विन असतात, आणि तिन्ही आकडे दिशाभूल करतात. वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो. किती उजेड देतो हे त्यावरून कळत नाही. ‘इतक्या लिटरला इतके वॉट’ हा ठोकताळा जुन्या ट्यूबलाइटच्या काळातला आहे आणि एलईडीला तो लागू नाही. ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात. आपला डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील आणि निळ्याला बराच मंद, तर प्रवाळातल्या शैवालाची हरितद्रव्यं निळ्या भागात, 430 ते 470 नॅनोमीटरच्या आसपास, भरपूर प्रकाश शोषतात. म्हणजे शैवालाला भरपेट मिळत असतानाही ल्युमेन कमी दिसू शकतात. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप याच कारणाने निळ्या दिव्याखाली फसतं. केल्विनच्या आकड्याला तर 20,000च्या वर जाहिरातीपलीकडे फारसा अर्थ उरत नाही.

मग अंदाज बांधायचा कसा? हिशोब कठीण नाही. 60 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 45 उंच अशी टाकी घेऊ. पाणी साधारण 120 लिटर, तळाचं क्षेत्रफळ 0.27 चौरस मीटर. मध्यम प्रतीचा एलईडी एका वॉटमागे सेकंदाला 1.5 मायक्रोमोल फोटॉन देतो असं धरलं तर 40 वॉटचा दिवा 60 देईल. बाहेर सांडणं, पृष्ठभागावरून परतणं, पाण्यात आणि काचेवर मुरणं यात निम्मे गेले असं कडक धरू. उरले 30. ते 0.27 चौरस मीटरवर पसरले की सरासरी 110च्या आसपास येते. मधोमध आणि वर ती जास्त असेल, कोपऱ्यांत आणि तळाशी कमी. मश्रूम खाली, झोअँथिड वर अशी जागा त्यावरून ठरवता येते. खरा दिवा यापेक्षा थोडा चांगला किंवा थोडा वाईट निघेल, पण 40-50 वॉटचा साधा दिवा अशा टाकीला अपुरा नाही एवढं या गणितातून नक्की दिसतं. तो रोज नऊ तास चालला तर महिन्याला 11 ते 14 युनिट. जुन्या 250 वॉटच्या मेटल हॅलाइड दिव्याला त्याच वेळात 67 युनिट लागत. महावितरणच्या बिलात 100 युनिटांनंतर दर चढतो, त्यामुळे हा फरक हलका समजू नये.

इथे दोन उलट टोकांचे आक्षेप येतात. पहिला, स्वस्त पांढऱ्या एलईडीत ‘खास समुद्री’ प्रकाश नसतो. वस्तुतः पांढरा एलईडी हा मुळात निळाच डायोड असतो. 450 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशावर फॉस्फरचा पिवळा लेप देऊन तो पांढरा दिसतो. थंड पांढऱ्या, 6500 केल्विन किंवा वरच्या दिव्यात तो निळा भाग ठळक शिल्लक असतो. बैठकीतल्या पिवळसर दिव्यात तो पुष्कळ घटतो. म्हणून थंड पांढरा दिवा आणि जोडीला निळी पट्टी एवढ्यावर मऊ प्रवाळ चांगले वाढतात. निव्वळ निळ्या दिव्याखाली प्रवाळ जे झळाळतात ते त्यांच्यातल्या प्रतिदीप्त प्रथिनांमुळे. दृश्य देखणं आहे, पण ती झळाळी आरोग्याचं प्रमाणपत्र नव्हे. रोपांसाठीचे लाल-निळे ग्रो लाइट मात्र टाळावेत. लाल प्रकाश पाण्यात लवकर मुरतो, आणि उथळ टाकीत उरतो त्याचा फायदा बहुधा नको असलेल्या शेवाळालाच होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: स्वस्त दिवा टिकत नाही. हे खरं आहे, फक्त दोष कुठे असतो ते पाहायला हवं. डायोड सहसा दगा देत नाही. दगा देतात ड्रायव्हर, पातळ हीटसिंक आणि खाऱ्या वाफेने गंजणारे जोड. म्हणून पैसे वाचवायचेच तर रिमोट, ॲप, ढगांचे आणि विजांचे खेळ यांवर वाचवावेत. जाड ॲल्युमिनियम, बदलता येणारा ड्रायव्हर, पाण्यापासून बचाव करणारी बांधणी आणि मंद करण्याची सोय यांवर वाचवू नयेत. घरात अर्थिंग नीट असावं, टाकीच्या बोर्डाला 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असावा, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. खाऱ्या पाण्याशेजारी यात काटकसर करणं जिवावर बेतू शकतं.

‘मग दिवाच कशाला, खिडकीतलं ऊन फुकट आहे’ असंही सुचवलं जातं. परदेशांत प्रवाळांच्या रोपवाटिका काचघरात उन्हावर चालतात, हे बरोबर. पण त्यांच्याकडे सावलीचं कापड आणि पाणी थंड करणारी यंत्रं असतात. घाटाखालच्या खामगाव, शेगाव, मलकापूरच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या पुढे जातो. खिडकीतलं ऊन 120 लिटर पाणी झपाट्याने तापवतं. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर असल्याने थोडं सुसह्य, पण तिथेही हा धोका पत्करू नये. प्रवाळ टाकीत 24 ते 27 अंशांवर ठीक राहतात. पाणी 30च्या वर रेंगाळलं आणि त्यात उजेडही तीव्र असला तर शैवालाची प्रकाशयंत्रणा बिघडते, प्रवाळ ते बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उजेड आणि उष्णता मिळून मारतात. म्हणून ‘जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ’ हा समज विदर्भाच्या उन्हाळ्यात विशेष घातक ठरतो.

उष्णतेवर इथल्या हवेतच एक उपाय आहे. कूलर ज्या तत्त्वावर खोली गार करतो त्याच तत्त्वावर टाकीच्या पृष्ठभागावर सोडलेला छोटा पंखा पाणी गार करतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 0.67 युनिट विजेइतकी उष्णता सोबत नेतं, तर 40 वॉटचा दिवा नऊ तासांत 0.36 युनिट खातो. म्हणजे कोरड्या उन्हाळ्यात अर्धा-पाऊण लिटर वाफ झाली तरी दिव्याची सारी उष्णता निघून जाते. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय मंदावतो, पण तेव्हा तापमानही उतरलेलं असतं. वाफेबरोबर मीठ जात नाही, म्हणून रोजची भर नेहमी आरओच्या गोड्या पाण्याची. मिठाचं पाणी घातलं तर क्षार चढत जातील. बुलढाणा जिल्ह्यातच लोणार सरोवराचं खारं पाणी आहे, असंही कुणाच्या मनात येतं. पण त्याचा सामू 10च्या आसपास आहे, समुद्राचा 8.1 ते 8.3. शिवाय ते अभयारण्य आणि रामसर स्थळ आहे. तिकडे पाहूही नये.

वीज गेली की प्रवाळ दिव्याविना मरतील, या भीतीने काहीजण मोठा इन्व्हर्टर घेतात. दिवसभर ढग दाटले तर समुद्रातही उजेड घटतोच. काही तासांचा अंधार प्रवाळ सहज सोसतो. जीव जातो तो पाणी हलायचं थांबून प्राणवायू घटल्याने. तेव्हा भारनियमनासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्यावा. दिव्यावर वाचलेल्या पैशाचा तो सर्वांत चांगला उपयोग आहे.

पार मोजायचं यंत्र दिव्याहून महाग असतं, आणि त्यावाचूनही भागतं. नवा दिवा निम्म्या तीव्रतेवर, सहा-सात तास लावून सुरुवात करावी आणि तीन-चार आठवड्यांत तीव्रता हळूहळू वाढवावी. झोअँथिडचे देठ उजेडाकडे ताणून लांब होऊ लागले की प्रकाश कमी पडतोय. मश्रूमची चकती आक्रसली, रंग फिकुटला की जास्त होतोय. तेव्हा तो तुकडा सावलीत सरकवावा. एका वेळी एकच बदल करून निदान आठवडाभर थांबावं, नाहीतर कशाचा परिणाम कशावर झाला हे उमगत नाही.