ताप नव्हे, रवणीची ऊब

खुडूक कोंबडी अंडी द्यायचे थांबते, पिसे फुगवून बसते, हात जवळ नेला की चोच मारते. दिवसातून एकदा उठते, घाईने दाणे टिपते, पाणी पिते, मोठी शिट टाकते आणि पुन्हा रवणीवर, म्हणजे अंडी उबवायला, येते. तिचे पोट हाताला ऊन लागते. तो ताप समजून पिढ्यानपिढ्या तिला गार पाण्यात बुचकळले गेले, नाकपुडीत पीस ओवले गेले. हा निव्वळ छळ होता. पोटाखालची पिसे गळून तिथली कातडी उघडी पडते, जाड होते, रक्तवाहिन्यांनी भरते आणि अंगातली ऊब थेट अंड्यांना देते.

कोंबडी खुडूक का होते, याचा धागा एका संप्रेरकात सापडला. १९३३ साली अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांनी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतले प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वेगळे केले. दोन वर्षांनी ते टोचलेल्या कोंबड्या रवणीला बसल्या. त्यानंतर बराच काळ विषय फारसा पुढे सरकला नाही.

खरे दशक १९८० नंतरचे. रवणीवरच्या रानकोंबडीजवळ दाणे ठेवले तरी ती मोजकेच खाते, हे १९८० मध्ये दिसले. तिला मुद्दाम उपाशी ठेवून पुन्हा दाणे दिले, तेव्हा तिने वजन भरून काढले, पण रवणीच्या त्या दिवशी असायला हवे तेवढेच. म्हणजे हे आजारपण नव्हे; वजनाची पातळी शरीरच ठरवून उतरवते. स्कॉटलंडमधील रोझलिन येथे पीटर शार्प यांच्या गटाने बॅंटम कोंबड्यांच्या रक्तात उरलेला दुवा शोधला. प्रोलॅक्टिन चढते, ल्युटिनायझिंग संप्रेरक उतरते, अंडाशय आक्रसतो, तुरा लहान आणि फिकट होतो. प्रोलॅक्टिन चढवण्याचा इशारा मेंदूतल्या व्हीआयपी या पेप्टाइडकडून येतो, असा पुरावा १९८६ मध्ये मिळाला. कोंबडीला रवणीवरून उठवले की प्रोलॅक्टिन ओसरते.

इतक्या सुंदर उलगड्याचा उपयोग मुख्यतः खुडूक मोडण्याकडे वळला, ही खंत आहे. व्हीआयपीविरोधी प्रतिपिंडे टोचून प्रोलॅक्टिन दाबण्याचे प्रयोग त्याच दशकात झाले. लेगहॉर्नमधून तर निवड पैदाशीने ही वृत्ती आधीच जवळजवळ पुसली गेली होती. आज परसात सुधारित जातीची कोंबडी आणली की अंडी मिळतात, पण रवणीला बसवायला गावरान कोंबडीच शोधावी लागते; ती नसली तर पिल्ले विकत आणावी लागतात.

एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले फुटली की प्रोलॅक्टिन झपाट्याने उतरते. कोंबडी पोटभर खाऊ लागते, पोटावर पिसे फुटतात आणि काही आठवड्यांत तुरा पुन्हा लाल होऊन ती अंड्यावर येते.