विश्लेषण : माळ्यावरचा ग्रामोफोन पुन्हा वाजू शकतो का? सुटे भाग नसतील तर काय कराल?

कर्णा नाही, हँडल हरवलेले, साउंडबॉक्स गायब आणि पेटी हलवली की आत काहीतरी खुळखुळते. जुन्या घराच्या माळ्यावरून उतरवलेला ग्रामोफोन बहुतेकदा असाच सापडतो. तो दुरुस्त होऊ शकतो. मात्र आधीच हरवलेल्या भागांपेक्षा दुरुस्तीच्या घाईत फेकलेले, घासलेले किंवा जबरदस्तीने फिरवलेले भाग जास्त महाग पडतात.

फोनोग्राफ की ग्रामोफोन?

थॉमस एडिसनने 1877 मध्ये बनवलेला फोनोग्राफ नळकांड्यावर चालत असे. एमिल बर्लिनरने 1887 मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. एडिसनच्या नळकांड्यावर सुई वर-खाली हलते, ग्रामोफोनच्या तबकडीवर ती डावी-उजवीकडे हलते. त्यामुळे एकाचा ध्वनी काढणारा भाग दुसऱ्याला चालत नाही. नळकांड्यांमध्येही प्रकार आहेत : दोन मिनिटांच्या नळकांड्यावर इंचाला 100 खाचा, तर 1908 पासून आलेल्या चार मिनिटांच्या नळकांड्यावर 200. चुकीची सुई लावली की मेण खरवडले जाते आणि ते गाणे कायमचे जाते.

अमेरिकेत दोन्ही यंत्रांना सर्रास ‘फोनोग्राफ’च म्हणतात. ऑनलाइन सुटा भाग मागवताना या एका शब्दामुळे चुकीची वस्तू घरी येऊ शकते.

आपल्याकडच्या घरांत बहुधा तबकडीचे यंत्र सापडते, त्यातही सुटकेससारखे दिसणारे पोर्टेबल. एचएमव्हीचे 1931 मध्ये आलेले ‘102’ हे मॉडेल त्यातले सर्वात परिचित. त्याला बाहेर कर्णा नसतोच. आवाजाची वाट पेटीच्या आतच वळवलेली असते. म्हणजे ‘कर्णा हरवलाय’ म्हणून शोधाशोध करण्याआधी तो मुळात होता का, हे पाहिलेले बरे.

आधी स्प्रिंग, मग बाकी सगळे

चावी दिलेली पोलादी स्प्रिंग तिच्या ड्रममध्ये गुंडाळलेली असते. यंत्र चालत नाही याचा अर्थ स्प्रिंग मोकळी आहे असा नाही. गिअर अडकलेला असेल, तर ताण तसाच साठून राहिलेला असतो आणि ड्रम उघडला की ती पट्टी हात फाडत बाहेर येते. म्हणून ब्रेक सोडून, यंत्र फिरू देऊन ती पूर्ण उतरवायची. फिरत नसेल तर हे काम अनुभवी माणसाचे; व्हिडिओ पाहून करण्याचे नाही.

वाजताना मधूनच ‘धप्प’ असा आवाज येत असेल, तर स्प्रिंग तुटलीच असे नाही. जुने ग्रीस वाळून वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि झटक्याने सुटतात. साफ करून ग्रॅफाइट ग्रीस लावले की बहुतेकदा भागते. टोकाजवळ तुटलेली स्प्रिंगही वाचते : टोक तापवून मऊ करायचे आणि नवे भोक पाडायचे. पट्टी थोडी आखूड होते, इतकेच. नवीन घ्यावी लागली, तर रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाचा आकार अशी चार मापे लागतात.

आपोआप तडकणारा धातू

त्या काळातल्या अनेक साउंडबॉक्सची पाठ आणि टोनआर्मचे काही भाग जस्ताच्या मिश्रधातूतून ओतलेले असत. या जस्तात शिशासारख्या धातूची थोडी भेसळ राहिली असेल, तर दमट हवेत धातूच्या कणांमधल्या सीमांवर गंज चढतो. भाग आतून फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी तो बिस्किटासारखा चुरा होतो. कोणी आपटला नाही, पाडला नाही, तरीही. कोकण-मुंबईच्या हवेत हा धोका अधिक.

असा भाग चिकटवून उपयोग नसतो, कारण चिकटवलेल्याच्या शेजारी नवी भेग पडते. तो नव्याने बनवावा लागतो आणि तिथेच खरी मेख आहे. फुगलेला भाग कॅलिपरने मोजून तसाच नवा बनवला तर तो बसत नाही, कारण मोजलेले माप मूळचे नसतेच. माप घ्यायचे ते तो भाग ज्यात बसतो त्या शाबूत जोडभागावरून. थ्रीडी प्रिंट आधी बसवून पाहायला उत्तम. कायमसाठी मात्र चांगल्या लेथवाल्याकडून पितळेत करून घेतलेला बरा, असे माझे मत. (पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये लेथला कंटाळलेल्यांनी हे काम एकदा पाहावे.)

स्क्रूबाबतही हीच काळजी. ब्रिटिश यंत्रांतले छोटे स्क्रू बरेचदा ‘बीए’ मापाचे असतात. ‘2 बीए’चा व्यास 4.7 मिलिमीटर, आटे 0.81 मिलिमीटरवर. आजच्या ‘एम 5’चे आटे 0.8 मिलिमीटरवर. नवा स्क्रू दोन फेऱ्या जातो, मग अडतो. जोर लावला की जुन्या भोकाचे आटे गेले.

साउंडबॉक्स मिळाला, पण आवाज फाटतो?

साउंडबॉक्समध्ये एक पातळ पडदा असतो. जुन्या यंत्रांत अभ्रकाचा, ‘102’सारख्यांत ॲल्युमिनियमचा. तो कडेला रबरी गास्केटवर टेकलेला असतो. पडदा ठीक असला तरी रबर दगडासारखे कडक झालेले असते, आणि कर्कश आवाजाचे कारण बहुतेकदा हेच. मऊ नळीचे नवे गास्केट बसवणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वात स्वस्त आणि सर्वाधिक फरक पाडणारा उपाय आहे.

वेग नेमका कसा जुळवायचा?

तबकडी मिनिटाला 78 फेरे घ्यायला हवी. वेग 83 च्या आसपास गेला, तर काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. पूर्वी 77 रेघांचा कागदी चक्र ठेवून 50 हर्ट्झच्या दिव्याखाली पाहत. वेग बरोबर असला की रेघा स्थिर दिसतात. घरातल्या अनेक एलईडी दिव्यांखाली हे जमत नाही, कारण ते तसे लुकलुकतच नाहीत. सोपा मार्ग : तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा लावा, सुई टेकवा आणि 30 सेकंदांत 39 फेरे मोजा. सुई टेकलेलीच हवी, तिच्या भाराने वेग उतरतो. अगदी जुन्या ध्वनिमुद्रिका नेमक्या 78 वर भरलेल्या नसतात, तिथे शेवटचा निर्णय कानाचा.

बाजारातल्या चकचकीत कर्ण्याचे काय?

चोरबाजारात आणि ऑनलाइनही झळाळता पितळी कर्णा, नवी लाकडी पेटी आणि कुत्र्याचे चित्र असलेले ‘अँटिक’ ग्रामोफोन दिसतात. यातली अनेक यंत्रे अलीकडे जुळवलेली असतात, आतली मोटर एखाद्या जुन्या पोर्टेबलमधून काढलेली. शोभेची वस्तू म्हणून घ्यायला हरकत नाही. पण त्यासाठी तुमचे अस्सल, कळकट पोर्टेबल बदल्यात देणे हा तोट्याचा सौदा. मूळ रंग, चिन्ह आणि क्रमांकाची पट्टी पॉलिशने घासूनही मोल उतरते.

आणि तबकड्या?

पोलादी सुई एका बाजूला एकच. तबकडीतली भुकटी तिला घासत जाते आणि झिजलेली सुई पुढच्या वेळी खाचा कापते. एलपी या यंत्रावर कधीच लावू नये : एलपीच्या सुईचा भार दोन ग्रॅमच्या आसपास, इथे तो 100 ग्रॅमच्या वर असतो. जुन्या तबकड्यांमध्ये लाख असते आणि ती स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पुसायला किंचित ओले मऊ कापड पुरे. लेबल कोरडे ठेवा. काढलेला फुटका पडदा, तुटकी स्प्रिंग, आटे गेलेला स्क्रूही चिठ्ठी लावून पिशवीत राहू द्या. पुढच्या कारागिराला माप त्यावरूनच मिळते.