कॉफीचं पाकीट उलटून वाचा!

नाशिककर कॉफीवेड्यांनो, द्राक्षं कोणत्या बागेतली हे आपण विचारतो, मग कॉफीबद्दल का नाही?

भारतातले बहुतांश कॉफी उत्पादक दहा हेक्टरच्या आतले छोटे शेतकरी. नव्वदच्या दशकापर्यंत बहुतेक माल कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जाई, कोणाची कॉफी कोणती हे कळायचंच नाही. आता मळेवाला स्वतः विकू शकतो. म्हणून पाकिटावर एवढं बघा:

☕ मळ्याचं किंवा शेतकरी गटाचं नाव. आंध्रातल्या अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या अरेबिका कॉफीला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. आपल्या चिखलदऱ्यातही कॉफी पिकते!

🌳 सावलीतली लागवड. सिल्व्हर ओक, फणस आणि त्यांवर चढलेले मिरीचे वेल. माती टिकते, मिरीचं जोड उत्पन्न मिळतं.

🍒 हाताने खुडलेली पिकली फळं. एकाच फांदीवर हिरवी-लाल फळं शेजारी असतात, त्यामुळे मजुरांना त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. भाव अगदीच कमी असेल, तर ही मजुरी कोण सोसतंय ते विचारा.

📅 भाजल्याची तारीख आणि चिकोरीचं प्रमाण.

कॉफी भाजून विकणाऱ्या रोस्टरला बिनधास्त विचारा: शेतकऱ्याला किलोमागे किती दिले? सांगणारे सांगतात. तुम्ही सध्या कोणत्या मळ्याची पिताय?