मराठी अक्षरांना जागा द्या: पोस्टर बनवणाऱ्यांसाठी टायपोग्राफी

डिझाइन कानाने ऐकायचं म्हणजे जरा उलटाच प्रकार. म्हणून या भागाचं लिखित रूप सावकाश वाचा, आणि जमलं तर फोनवर कॅनव्हा किंवा तुम्ही जे ॲप वापरता ते उघडून बसा.

मध्यंतरी एका श्रोत्याने रक्तदान शिबिराची पोस्ट पाठवली. म्हणाला, "ताई, सगळ्या ग्रुपवर टाकली, तरी लोक फोन करून विचारतायत, कुठे आहे आणि किती वाजता?" मी बघितली. माहिती सगळी होती. लाल रंगावर केशरी अक्षरं, चार कोपऱ्यांत चार फोटो, मंडळाचं नाव सगळ्यात मोठं. आणि वेळ? अगदी खाली, प्रायोजकांच्या नावांना चिकटून. आता ज्याला रक्त द्यायचंय त्याला आधी काय हवं? तारीख, वेळ, जागा. मंडळाचं नाव नंतर कळलं तरी त्याचं काही अडत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न फॉन्टचा नसतोच. पहिला प्रश्न असतो, डोळा आधी कुठे जावा, मग कुठे, आणि शेवटी कुठे? याला मी उतरंड म्हणते. एक गोष्ट सगळ्यात मोठी, दोन-तीन मध्यम, बाकी लहान. सगळंच मोठं केलं की काहीच मोठं दिसत नाही. शिवाय जे एकत्र वाचायचंय ते जवळजवळ ठेवा: तारीख, वेळ आणि पत्ता एकाच गठ्ठ्यात, आणि त्या गठ्ठ्याभोवती मोकळी जागा. "एवढी जागा वाया का घालवता?" असं कार्यकर्ते हमखास विचारतात. ती वाया गेलेली नसते. तिच्यामुळेच नजर थांबते.

आता खरी गंमत. आपण बहुतेक जण डिझाइन यूट्यूबवर शिकतो, आणि ते धडे रोमन अक्षरांसाठी असतात. त्यात सांगतात, हेडिंग कॅपिटलमध्ये घ्या, एखादा शब्द इटॅलिक करा, अक्षरांमधलं अंतर वाढवा, छान दिसतं. देवनागरीत कॅपिटल नाहीच. इटॅलिकची आपल्याकडे परंपरा नाही. ॲपने तिरकं केलेलं अक्षर वाऱ्याने कललेल्या खांबासारखं दिसतं. आणि अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात. मग शब्द उठावदार करायचा कसा? आकार, जाडी आणि रंग. आपल्याकडे मुख्यतः ही तीनच हत्यारं आहेत, पण पुरेशी आहेत. म्हणून एकापेक्षा जास्त जाडीत मिळणारा फॉन्ट निवडा. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' सात जाड्यांमध्ये मिळतो, तोही फुकट. हेडिंगला एकदम जाड, मजकुराला साधा, बस. दुसरा फॉन्ट लागतच नाही.

ओळींमधलं अंतर हा मात्र माझा आवडता विषय, थोडं थांबू इथे. 'मूर्ती' हा शब्द लिहून बघा. 'मू'चा ऊकार खाली लोंबतो, 'र्ती'चा रफार आणि वेलांटी वर चढते. एकाच शब्दात अक्षर दोन्हीकडे पसरतं. त्याच्या खालच्या ओळीत 'वर्षी' आला, की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत घुसतात. इंग्रजी मजकुराला अक्षराच्या आकाराच्या सव्वापट अंतर बहुतेक वेळा चालून जातं. मराठीला मी दीडपटीपासून सुरुवात करते आणि मग डोळ्यांनी बघून कमी-जास्त करते. मजकूर मावत नसेल तर ओळी दाबू नका, मजकूर कमी करा. प्रमुख पाहुण्यांची दोन विशेषणं गेली तर आभाळ कोसळत नाही.

फॉन्ट निवडताना अजून एक फसगत होते. तुम्ही हौसेने माँटसेराट निवडता. त्यात देवनागरी अक्षरं नाहीतच! ॲप गुपचूप दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमधली अक्षरं आणून बसवतं, आणि तुम्हाला वाटतं माँटसेराट मराठीत असाच दिसतो. पॉपिन्समध्ये मात्र देवनागरी आहे. हिंद, बालू २ हेही चांगले.

फॉन्ट घेतला की मी त्याची छोटीशी परीक्षा घेते. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी लिहिते. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. फॉन्टने दोन्ही सारखेच दाखवले तर तो मराठीच्या कामाचा नाही, कारण 'येणाऱ्यांनी ओळखपत्र आणावे' हे वाक्य कुठल्याही शिबिराच्या पोस्टमध्ये असतंच. मग 'ॲम्ब्युलन्स' लिहिते. 'ॲ'च्या जागी चौकोन आला तर रामराम. शेवटी 'शाळा' आणि 'लहान' लिहून 'श' आणि 'ल' बघते. बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. चूक नाही ती, वाचताही येतात, पण आपण शाळेत गिरवलेलं वळण हवं असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' बघा. गंभीर मजकुराला, निमंत्रणपत्रिकेला शोभतो.

आणि ही आजची खटपट नाही बरं का. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे त्यांच्या सुबकपणासाठी एकोणिसाव्या शतकात नावाजले गेले. विंडोजसोबत आलेला 'मंगल' र. कृ. जोशींनी केला, जे सुलेखनकार होते आणि कवीही.

त्या रक्तदानाच्या पोस्टचं काय केलं? पांढरी पार्श्वभूमी, गडद लाल अक्षरं. तारीख सगळ्यात मोठी, तिच्याखाली वेळ आणि जागा, मग 'रक्तदान शिबिर', मग मंडळ. डावीकडून एका रेषेत सगळं. फोटो एकच. प्रायोजक खाली, लहान पण वाचता येतील असे. कार्यकर्त्यांशी भांडण झालं थोडं, अध्यक्षांचा फोटो राहिला म्हणून.

तुमची पोस्ट तयार झाली की आधी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. तिथे फोटो दाबला जातो आणि बारीक अक्षरं सगळ्यात आधी फुटतात. मग घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर ती उघडा, झूम न करता, आणि आईला किंवा आजोबांना विचारा, "किती वाजता आहे?" पाच सेकंदांत उत्तर आलं नाही, तर तारीख-वेळ अजून मोठी करा.

पुढच्या भागात रंग. तोवर पोस्ट पाठवत राहा.