छांगआनमधील सार्वजनिक स्थळे व नागरी जीवन

छांगआन (सध्याचे शीआन, शान्शी प्रांत) ही प्राचीन चीनमधील अनेक राजवंशांची राजधानी होती. प्रस्तुत लेख तांग राजवंशाच्या काळातील (इ.स. ६१८–९०७) छांगआनच्या सार्वजनिक स्थळांविषयी आहे. सुमारे ८४ चौरस किलोमीटर विस्ताराच्या आणि अंदाजे १० लाख लोकवस्तीच्या या नगरात अथेन्सच्या अगोरासारखे, नागरिकांनी जमून सार्वजनिक प्रश्नांची चर्चा करावी असे स्थान नव्हते. लोकांनी कोठे आणि किती वेळ एकत्र यावे हे शासन ठरवी. तरीही बाजार, बौद्ध विहार आणि उत्सवाच्या रात्री यांच्या आधाराने तेथे समृद्ध नागरी जीवन उभे राहिले.

नगररचना

इ.स. ५८२ मध्ये सुई सम्राट वेन याच्या आज्ञेवरून युवेन काय या अधिकाऱ्याने हान काळातील जुन्या छांगआनच्या आग्नेयेस नवी राजधानी आखली. उत्तरेस राजवाडा, त्याच्या दक्षिणेस शासकीय कार्यालयांचे आवार आणि उरलेल्या भागात काटकोनात छेदणारे रस्ते व १०० हून अधिक तटबंद मोहल्ले अशी तिची रचना होती. मधोमध जाणारा झूच्वे मार्ग सुमारे १५० मीटर रुंद होता. मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना दुकाने वा घरांची दारे नसत. दिसत त्या मोहल्ल्यांच्या मातीच्या भिंती. थेट रस्त्यावर दार उघडण्याची मुभा उच्च श्रेणीच्या अधिकाऱ्यांसारख्या मोजक्यांनाच होती. इतका प्रशस्त रस्ता असूनही रहिवाशांचा वावर प्रामुख्याने मोहल्ल्यांच्या आत होता. नगराच्या दक्षिण टोकाचे काही मोहल्ले तर विरळ वस्तीचे असून तेथे शेती होत असे.

नगारे व रात्रबंदी

मोहल्ल्यांचे दरवाजे पहाटे उघडत व सायंकाळी बंद होत. ही वेळ पूर्वी रस्त्यांवरून ओरडून कळवली जाई. सम्राट तायत्सुंगच्या काळात (इ.स. ६२६–६४९) मा झोउ या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून त्यासाठी रस्त्यांवर नगारे बसवण्यात आले. दरवाजे बंद झाल्यावर रस्त्यावर आढळणाऱ्यास तांग विधिसंहितेनुसार छडीचे २० फटके मारले जात. सरकारी काम, आजारपण, प्रसूती, विवाह किंवा मृत्यू अशा कारणांसाठी परवानगी मिळे. बंदी रस्त्यांवर होती, मोहल्ल्याच्या आत नव्हे. त्यामुळे फिंगखांग मोहल्ल्यातील गणिकागृहांत मैफली रात्रभर चालू शकत.

बाजार

व्यापारासाठी पूर्व व पश्चिम असे दोन तटबंद बाजार नेमलेले होते. दुपारी नगाऱ्याच्या ३०० ठोक्यांनी ते उघडत आणि सूर्यास्तापूर्वी घंटेच्या ३०० ठोक्यांनी बंद होत. वजनमापे, भाव व मालाचा दर्जा यांवर अधिकाऱ्यांची देखरेख असे. पश्चिम बाजार व त्याचा परिसर सोग्दियन आणि इराणी व्यापाऱ्यांसाठी प्रसिद्ध होता. गर्दी हमखास जमत असल्यामुळे गुन्हेगारांना देहदंडही बाजारात दिला जाई. इ.स. ८४३ मध्ये पूर्व बाजारास लागलेल्या आगीत ४,००० हून अधिक दुकाने जळाल्याची नोंद जपानी भिक्षू एन्निन याने केली आहे.

विहार आणि उत्सव

सर्व थरांतील स्त्रीपुरुष एकत्र येऊ शकत अशी जागा म्हणजे विहार. सामान्य लोकांसाठी कथारूप प्रवचने, खेळ-तमाशे, बागांतील पिओनी फुलांचा बहर यांसाठी तेथे गर्दी होई. भारतात येऊन गेलेला युआन श्वांग (महाराष्ट्राचे वर्णन करणारा हाच प्रवासी) इ.स. ६४५ मध्ये छांगआनला परतला. पुढे त्सअन विहारात त्याने ग्रंथांचे भाषांतर केले, आणि तेथील प्रसिद्ध पॅगोड्याचे काम इ.स. ६५२ मध्ये सुरू झाले. राजकीय परीक्षेत यशस्वी झालेले उमेदवार या पॅगोड्यावर आपली नावे लिहीत आणि जवळच्या छूच्यांग सरोवराकाठी मेजवानी करीत.

वर्षाच्या पहिल्या महिन्यातील पौर्णिमेच्या सुमारास दीपोत्सवासाठी तीन रात्री रात्रबंदी उठवली जाई. एरवी निर्मनुष्य असणारे रस्ते तेव्हा दिव्यांनी व लोकांनी भरून जात.

इ.स. ८४५ मध्ये सम्राट वूत्सुंगने बौद्ध धर्माविरुद्ध काढलेल्या आज्ञांमुळे राजधानीतील बहुतेक विहार बंद पडले. या घटनेकडे सहसा धार्मिक छळ म्हणून पाहिले जाते, पण नगरवासीयांच्या दृष्टीने ती एकत्र जमण्याच्या मोजक्या जागा गमावण्याचीही घटना होती.

नियंत्रणाचा ऱ्हास

तांग काळाच्या उत्तरार्धात लोकांनी मोहल्ल्यांच्या भिंती फोडून रस्त्याकडे दारे काढली व रस्त्यांवर अतिक्रमणे केली. इ.स. ८४० मध्ये राजधानीतील रात्रबाजारांवर बंदी घालणारा आदेश काढावा लागला, यावरून असे बाजार भरू लागले होते हे स्पष्ट होते. इ.स. ९०४ मध्ये सेनापती झू वेन याने सम्राटास लोयांग येथे हलवले. छांगआनच्या इमारती उतरवून त्यांचे लाकूड नदीतून वाहून नेण्यात आले. पुढे सोंग राजवंशाची राजधानी खायफंग येथे दुकाने थेट रस्त्यांवर आली व रात्रबंदी शिथिल होत गेली.